प्राजक्ताला पाजलेला शीरखुर्मा

कतारहून परत आल्यापासून गल्लीतल्या बायका मला दोनच प्रश्न विचारतात. सोनं स्वस्त आहे का, आणि तिकडं उकडतं का. सोनं मी घेतलं नाही. आणि मी गेले तेव्हा थंडी नुकती सरत होती, संध्याकाळी अंगावर शाल लागायची. एवढं सांगितलं की त्यांचा कतारमधला रस संपतो. माझा संपलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

पण दोहाच्या आधी तुम्हाला मिरजेतल्या माझ्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं फडताळ दाखवायला हवं. तिथं मोदकपात्र, पुरणयंत्र आणि कुणाच्या तरी लग्नात आलेली, कधीच न वापरलेली काचेची सहा भांडी आहेत. त्यांच्या मागं स्टीलचा एक वाडगा होता. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेला. नाव जुलेखा. माझं नाव सुमन. म्हणजे वाडगा माझा नव्हे हे कुणालाही कळावं. त्रेचाळीस वर्षं तो माझ्याकडं होता.

जुलेखाभाभी आमच्या भिंतीपलीकडं राहतात. त्यांचे यजमान सतारी करायचे. लग्न होऊन मी मिरजेत आले तेव्हा दर ईदला भाभी वाडगा भरून शीरखुर्मा पाठवायच्या. मी हसून घ्यायची, ‘वा, काय वास सुटलाय’ म्हणायची, आणि मागच्या दारी जाऊन तो भिंतीलगतच्या प्राजक्ताच्या बुडाशी ओतायची. मग वाडगा घासून, त्यात साखर नाहीतर लाडू घालून परत. ‘फार छान झाला होता हो भाभी!’ सासूबाईंचा धाक म्हणावा, तर त्या त्याआधी दोन वर्षं वारलेल्या. धाक माझा मलाच. भाभींच्या घरचा चहा मी प्यायची. चहाला चालतं, खिरीला चालत नाही, हे शास्त्र माझं मी लिहिलेलं. वर मी शाळेत शिक्षिका. रोज सकाळी पोरांकडून एकीची प्रतिज्ञा म्हणून घ्यायची, खणखणीत आवाजात. त्या सव्वीस वर्षांच्या बाईला आज भेटले तर कान धरून बाकावर उभी करीन.

चौथ्या वर्षी भाभींची सहा वर्षांची यास्मिन भिंतीवर चढून बसली होती. मी ओतताना तिनं पाहिलं. दोघींची नजरानजर झाली. ती सरकत सरकत पलीकडं उतरून गेली. तो वाडगा मला परत करवेना. पुढच्या ईदला शीरखुर्मा आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. आम्ही बोलत राहिलो, एकमेकींच्या घरच्या लग्नामयतीला गेलो, भाभींनी आमच्या ह्यांच्या दहाव्याला माझा हात धरला. फक्त तो विषय निघाला नाही आणि वाडगा फडताळातून खाली आला नाही.

आता दोहा.

अबू हमूर, रमजानचा पहिला आठवडा

माझा मुलगा निखिल मेसईदच्या खत कारखान्यात इंजिनिअर आहे. सून सायली इस्पितळाच्या लॅबमध्ये. नात इरा, वय वर्षं सात, मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. निखिलचं कंत्राट जूनमध्ये संपतंय. तो फोनवर म्हणाला, ‘आई, आता नाही आलीस तर कतार राहूनच जाईल.’ मी म्हटलं, रमजानात कशाला, सगळं बंद असेल. तो म्हणाला, ‘दिवसा बंद. संध्याकाळी बघ.’

पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. विमानतळावरून येताना गाडीत मी सवयीनं कमरेची चंची काढून लवंग तोंडात टाकली. मागच्या सीटवरून इरा ओरडली, ‘आजी! नॉट इन द कार! पीपल आर फास्टिंग!’ सिग्नलला शेजारच्या गाडीत दाढीवाले एक गृहस्थ होते. मी लवंग गालात धरून त्यांच्याकडं पाहत इतकी निरागस हसले की त्यांनीच नजर वळवली. दिवसा उघड्यावर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा तिथला रिवाज. मनात आलं, आपणही एक दिवस करून बघावा. पहाटे उठले, दात घासले, संकल्प सोडला. साडेदहाला चहाची आठवण इतकी झाली की मी संकल्प पुन्हा धरला आणि चहा ठेवला. आमची एकादशी बरी. साबुदाणा, भगर, रताळी, राजगिरा. त्या दिवशी भूक लागायला वेळच मिळत नाही.

अबू हमूर ही दोहातली निखिलची वस्ती, तिथं पायी कुणी चालत नाही. बंगले, उंच भिंती, गाड्या आणि मॉल. निखिलचं घर एका कंपाउंडमध्ये, पण शेवटचं, आणि समोर रस्त्यापलीकडं एका कतारी कुटुंबाचं मोठं घर. तिसऱ्या दिवशी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीला थोडा वेळ असताना बेल वाजली. दारात काळा अबाया घातलेली, माझ्याच वयाची, माझ्याहून रुंद बाई. शेजारी इराएवढी एक मुलगी, हातात झाकलेलं भांडं.

‘शी इज नूरा. शी इज इन माय स्कूल,’ इरा म्हणाली. ‘अँड दॅट्स हर आजी.’

बाईंनी छातीला हात लावला. ‘उम्म खालिद,’ त्या म्हणाल्या. उम्म म्हणजे आई. थोरल्या मुलाच्या नावानं तिथं बायकांना हाक मारतात. मीही छातीवर हात ठेवून म्हटलं, ‘उम्म निखिल.’ त्या खूश झाल्या. मग चक्क हिंदीत बोलायला लागल्या. ‘मेरा बाबा बॉम्बे जाता था. मोती बेचता था. मैं छोटी था, थोडा थोडा बात सीखा.’ आणि भांडं पुढं करून, ‘हरीस. रमजान में पड़ोसी को देता है. खाना!’

झाकण काढलं. पांढरट, घोटून घोटून लोण्यासारखी केलेली गव्हाची लापशी, वर तुपाचं तळं आणि दालचिनीची पूड. अहो, आमच्या मिरजेकडची खपली गव्हाची खीरच! फक्त गूळ घालायचा राहिला होता. मी मनात म्हटलं, परदेशी बाई, विसरली असेल. गूळ मी घरून आणलेलाच होता. किसून घातला, वाटीभर खाल्लं, मग दुसरी वाटी. करोनानंतर माझं नाक पेन्शनीत गेलंय, वासाबिसाचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या वाटीला निखिल आला. दारातच थांबला.

‘आई, काय खातेस?’

‘खीर. समोरच्यांनी दिली. गूळ मी घातला.’

‘आई... यात मटण असतं. गव्हाबरोबर घोटतात, ते दिसत नाही.’

मी चमचा खाली ठेवला. एकाहत्तर वर्षं अंड्याला शिवले नव्हते. न्हाणीघरात जाऊन चूळ भरली, मग आणखी एक. आरशात बघितलं आणि मला असं हसू फुटलं की बेसिन धरावं लागलं. निव्वळ दुधाचा, शेवयांचा, खारकांचा शीरखुर्मा चार वर्षं झाडाला घातला, आणि मटण गूळ घालून तीन वाट्या! देवानं हिशेब कसा चुकता केला बघा. त्यातून चवीला बरं लागलं होतं. हे मी सायलीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय.

भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी मी घरून आणलेली खपली शिजवली, गूळ, वेलदोडा, नारळाचं दूध घातलं आणि उम्म खालिदच्या भांड्यातच भरून इराबरोबर पाठवली. इरा येऊन म्हणाली, ‘शी सेड, सेम सेम बट स्वीट. अँड शी वॉन्ट्स टू नो, डिड यू लाइक हर्स.’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘आय सेड, यू एट थ्री बोल्स.’

सूक वाकिफ, तोफेची संध्याकाळ

मधल्या शुक्रवारी निखिल आम्हाला जुन्या बाजारात घेऊन गेला. सूर्य मावळताना तिथं तोफ उडवतात, त्या आवाजावर सगळे रोजा सोडतात. मातीच्या रंगाच्या भिंती, पिंजऱ्यांतले पोपट, मसाल्यांची पोती, आणि मोकळ्या चौकात दोरीमागं उभी असलेली शेकडो माणसं. खजूर हातात धरून सगळी गप्प. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी फक्त गणपतीच्या आरतीआधी, निरांजन लागायची वाट बघताना पाहिली आहे.

तोफ उडणार हे मला माहीत होतं. ती बघायलाच तर आम्ही आलो होतो. तरी ती उडाली तेव्हा मी ‘आई गं!’ म्हणून शेजारच्या माणसाची बाही धरली. बघते तर पांढऱ्या झग्यातले ऐंशीच्या घरातले आजोबा. त्यांच्या हातातला खजूर माझ्यामुळं खाली पडला. दिवसभर पाणी न प्यालेल्या माणसाचा पहिला घास! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वाकून खजूर उचलला, खिशात ठेवला, दुसऱ्या खिशातून डबी काढली आणि उघडून आधी माझ्यापुढं धरली. मी घेतल्याशिवाय त्यांनी स्वतः घेतला नाही.

‘शुक्रन,’ मी म्हटलं. तेवढंच येत होतं.

पुन्हा हरीस

तीन वाट्यांचा परिणाम व्हायचा तो झाला. त्या आठवड्याअखेर उम्म खालिदकडून पुन्हा हरीस आलं. या वेळी दुप्पट मोठ्या भांड्यात, आणि शेजारी खास वेगळ्या वाटीत साखर.

सायली दमून आली होती. तिनं झाकण उघडून बघितलं. निखिल आणि इरासुद्धा हरीस खात नाहीत, घर सगळं शाकाहारी. ती म्हणाली, ‘आई, राहू दे. मी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते. उद्या भांडं घासून काहीतरी घालून देऊ. छान होतं म्हणायचं. त्यांना कुठं कळतंय?’

सायलीचा काही दोष नाही. सगळी शहाणी माणसं असंच करतात. पण इरा टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. मान वर करून म्हणाली, ‘सो वी थ्रो इट, अँड से यम्मी?’

सायलीनं झाकण परत ठेवलं.

‘अँड इफ नूरा सीज?’

मला त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं दिसलं. भिंतीवर बसलेली एक मुलगी, फ्रॉकचा घेर गुडघ्यांत धरलेला. मी उठले. ‘इरा, चपला घाल,’ म्हटलं. ‘आपण भांडं परत द्यायला जातोय.’

‘भरलेलं?’ सायली घाबरली. ‘आई, त्यांना वाईट वाटेल हो!’

‘वाटू दे. खरं ऐकून वाटलेलं वाईट लवकर बरं होतं,’ मी म्हटलं. म्हणायला सोपं होतं. रस्ता ओलांडताना मी तीनदा थांबले, तो ट्रॅफिकचा दोष नव्हता.

रोजा सोडून, नमाज होऊन उम्म खालिद बैठकीत बसल्या होत्या. जमिनीवर जाड गाद्या, मधे खजुरांचं तबक, कानाची पाळी भाजेल इतकी गरम बिनदुधाची कॉफी, त्यात वेलदोडा आणि केशर. त्यांनी माझ्या हातातलं भरलेलं भांडं बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

मी हिंदीत सांगायला लागले. माझं हिंदी म्हणजे मराठीला घातलेला फक्त एक बुरखा. ‘उम्म खालिद, मैं गोश्त नहीं खाती. कभी नहीं. पहले दिन मालूम नहीं था. मैंने समझा खीर है. गुड़ डालके खा लिया.’

त्यांच्या डोळ्यांत भीती उतरली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘तुमको हराम था? मैंने तुमको हराम खिलाया? अस्तगफिरुल्ला!’ आणि त्या खरोखर रडवेल्या झाल्या. ‘माफ करो, उम्म निखिल. मैंने नहीं पूछा. मेरा गलती.’

हे मी धरलंच नव्हतं. मी माफी मागायला गेले होते आणि ती बाई माझी मागत होती. माझ्या नियमाचं ओझं तिनं माझ्यापेक्षा जास्त मानलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, ‘नहीं नहीं, मालूम नहीं था तो पाप नहीं. और सच बोलूं? अच्छा लगा था.’

मग त्यांचं सगळं अंग हसायला लागलं. गुड़, गुड़ म्हणत त्या आपल्या सुनेला अरबीत सांगायला लागल्या आणि आतल्या खोलीतून चार बायका बाहेर आल्या, गूळ घातलेलं हरीस खाणारी हिंदी बाई बघायला. डोळे पुसून झाल्यावर उम्म खालिद म्हणाल्या, ‘पहले दिन बोलना था. अल्ला ने मुंह दिया. खाने के लिए दिया, बोलने के लिए भी दिया.’

सव्विसाव्या वर्षी हे मला कुणी सांगितलं असतं तर! मी भाभींना एवढंच म्हणायला हवं होतं, ‘भाभी, आमच्याकडं चालत नाही हो.’ त्या काय गिळणार होत्या मला? पण नाही. सभ्य दिसायचं होतं ना मला. म्हणून झाड.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडं गोड यायला लागलं. पाकात बुडवलेले गोल गोल लुगैमात, आपल्या गुलगुल्यांचे सख्खे मावसभाऊ. प्रत्येक वेळी नूरा दारातूनच ओरडायची, ‘नो मीट!’

गरंगाओ

रमजानच्या मध्यावर, चौदाव्या संध्याकाळी, कतारात पोरांचा सण असतो. गरंगाओ. रोजा सुटला की मुलं नवे कपडे घालून, गळ्यात कापडी पिशव्या अडकवून, गाणी म्हणत घरोघर फिरतात. तुम्ही आम्हाला द्या, देव तुम्हाला देवो, असा गाण्याचा अर्थ. आणि घरोघरच्या बायका टोपल्यांतून सुकामेवा आणि गोळ्या त्यांच्या पिशव्यांत ओततात. सांगणारे म्हणतात, त्या दाण्यांच्या खडखडाटावरूनच सणाला नाव पडलं.

मी ऐकलं आणि म्हटलं, अगं, हा तर आमचा हादगा! हत्तीचं चित्र नाही आणि मुलींबरोबर मुलगेही आहेत, एवढाच फरक. नाहीतर घरोघर फिरणं, गाणी, दर घरची खिरापत, सगळं तेच. आमच्या इथं खिरापत सुखासुखी मिळत नाही, ओळखावी लागते. डबा झाकलेला. गोड की तिखट? ओलं की सुकं? ओळखलं तर वाटप.

उम्म खालिदनी इराला बोलावून घेतलं. नूराचा मागच्या वर्षीचा, जरीकाम केलेला काळा बुखनग तिच्या डोक्यावरून चढवला. तो ओढणीसारखाच, फक्त पुढून शिवलेला. इरा आरशापुढून हलेना. दुपारभर आम्ही दोघी आज्या जमिनीवर फतकल मारून टोपली भरत होतो. बदाम, अक्रोड, सुकी अंजिरं, शेंगदाणे. मी त्यात सांगलीचे बेदाणे मिसळले. त्यांनी एक तोंडापर्यंत नेला, आठवण झाली, खाली ठेवला. ‘मगरिब के बाद,’ म्हणाल्या, आणि तो एक बेदाणा वेगळा, खिडकीत ठेवला. संध्याकाळी आधी पाणी, मग खजूर, मग आठवणीनं तो बेदाणा खाल्ला.

दारात दोन खुर्च्या मांडल्या. टोपली माझ्या मांडीवर. पहिला घोळका आला, वीसेक पोरं. मी टोपलीवर पदर टाकला.

‘ओळखा!’ मी म्हटलं.

पोरांना मराठी काय कळणार. इरा पुढं झाली. तिनं मोडकंतोडकं का होईना, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी दुभाष्याचं काम केलं. मी मराठीत, ती इंग्रजीत, नूरा अरबीत. ‘आजी सेज, गेस करा!’

‘चॉकलेट!’ ‘लोज!’ म्हणजे बदाम. ‘आयपॅड!’ हे एका दीड फुटी साहेबांनी सांगितलं.

‘आयपॅड ओला की सुका?’ मी विचारलं. तीन भाषांतून तो प्रश्न जाईपर्यंत मागं रांग फाटकाबाहेर गेली. रस्त्यावर गाड्या थांबल्या, कुणाचे तरी वडील हॉर्न वाजवून ओरडले, ‘यल्ला, हज्जा, यल्ला!’ यल्ला म्हणजे चला, आटपा. म्हाताऱ्या बाईला तिथं मानानं हज्जा म्हणतात. काशीलासुद्धा न गेलेली मी, एका संध्याकाळीत हज्जा झाले. उम्म खालिद आता स्वतः मुद्दाम चुकीचं ओळखायला लागल्या होत्या. ‘मच्छी!’ त्या म्हणाल्या, आणि पोरं किंचाळली. शेवटी बेदाणा कुणालाच ओळखता आला नाही आणि मी पदर काढला.

गर्दी ओसरली तेव्हा आम्ही दोघी टोपलीच्या तळचं खात बसलो होतो. त्या म्हणाल्या, ‘इंडिया में ईद पर तुमको शीरखुर्मा कौन देता?’

‘देती थी एक. जुलेखा.’

‘मर गई?’

‘नहीं. बाजू में रहती है.’

‘तो?’

मी सांगितलं. झाड, भिंत, मुलगी, सगळं. म्हटलं, हिला सांगायला काय जातं, दोन आठवड्यांनी मी जाणार. त्या खाली बघून ऐकत होत्या. मग विचारलं, ‘और बर्तन?’

‘मेरे पास.’

‘कितना साल?’

‘तैंतालीस.’

त्या खुर्चीत सरळ झाल्या. ‘खाना नहीं खाया, ठीक. पेड़ को दिया, चलो. लेकिन बर्तन वापस नहीं दिया?’ त्यांनी कपाळाला हात लावला. ‘उम्म निखिल! पड़ोसी का बर्तन!’

एवढ्या वर्षांत माझ्या अपराधाकडं मी या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं.

‘अब कैसे दूं?’ मी म्हटलं. ‘किस मुंह से?’

‘मुंह एक ही है,’ त्या म्हणाल्या. ‘भरके देना.’

दोन ईद

दोहाची ईद मी पाहिली. पहाटेच मशिदींतून तकबीरचा घोष, धूप, पांढरे इस्त्रीचे झगे, आणि सकाळी सहाला पाहुण्यांना हसून मिठ्या मारणारी माणसं. आमच्या दिवाळीच्या पहाटेसारखीच ती पहाट, अंघोळीनं गार पडलेली आणि कपड्यांनी करकरणारी. उम्म खालिदनी मला एक पिशवी दिली, वर गाठ मारलेली. ‘बर्तन के लिए,’ म्हणाल्या. आत खजूर आणि बदाम. इरानं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, ‘आजी, डोन्ट बी स्केअर्ड.’ मग जरा थांबून, ‘घाबरू नको.’

संध्याकाळचं विमान होतं. विमानतळाच्या वाटेवर निखिल फोन बघून म्हणाला, ‘आई, भारतात आत्ता चंद्र दिसला. तिकडं ईद उद्या.’

म्हणजे मला पळवाट राहिली नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की ईद हुकली, आता पुढच्या वर्षी बघू. चंद्रानं एक दिवस मुद्दाम थांबून माझी वाट पाहिली.

मिरजेत पोचले तेव्हा दुपार झाली होती. अंघोळ केली, स्टुलावर चढले, काचेची सहा भांडी बाजूला केली. वाडगा घासला, पुसला, खजूर-बदामांनी भरला. जुलेखाभाभींच्या दारात गेले तर दार यास्मिननं उघडलं. ती ईदला माहेरी आली होती. एकोणपन्नास वर्षांची, चष्मा लावणारी, बँकेत अधिकारी. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वाडग्याकडं. काठावरचं नाव वाचलं. बाजूला सरून आत वाट दिली.

भाभी आत पलंगावर गुडघ्यांना पट्टे बांधून बसल्या होत्या. मी वाडगा त्यांच्या हातात दिला. विमानात जुळवलेलं सगळं भाषण विसरले.

‘भाभी, तो शीरखुर्मा मी कधी खाल्ला नाही. प्राजक्ताला घातला. चारही वर्षं.’

‘मला माहीत हाय की वहिनी,’ भाभी म्हणाल्या. ‘पहिल्याच वर्षी कळलं. झाडाखाली मुंग्यांची रांग लागलेली, आन् मुंग्यांच्या तोंडात शेवया.’

‘मग पाठवायचात कशाला हो?’

‘यास्मिनचे अब्बा बी हेच म्हणायचे. मी म्हणायची, फुलं तर आपल्याच अंगणात पडतात न्हवं? पिऊ दे की झाडाला.’ त्या वाडगा फिरवून नाव बघत होत्या. ‘नंतर यास्मिननं बघितलं आन् लई रडली. पोरीच्या डोळ्यांदेखत पाठवायला जीव होईना.’ मग एकदम मान वर करून, ‘आन् पाठवायचा तरी कशात? वाडगा तुमच्याकडं!’

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदम होत होतं. मी यास्मिनकडं वळले. ‘यास्मिन,’ म्हटलं, ‘चुकलं गं माझं. तुझ्यासमोर चुकलं.’

तिनं वाडगा घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, पाण्याचा आला. बराच वेळ लागला. परत आली तेव्हा वाडगा शीरखुर्म्यानं काठोकाठ भरलेला, वर चारोळ्या. तिनं तो माझ्या हातात दिला, प्राजक्ताच्या बाजूची मागची खिडकी लावून घेतली, माझ्या अगदी समोर खुर्ची ओढली आणि बसली.

‘खावा, काकू,’ ती म्हणाली. ‘मी बघतेय.’

मी खाल्ला. प्रत्येक घास तिच्याकडं बघत. तळाची शेवई बोटानं पुसून घेतली. मग ती हसली, आणि मला भिंतीवरची सहा वर्षांची पोर दिसली, खाली उतरलेली.

निघताना भाभींनी वाडगा पुन्हा भरून हातात दिला, ‘रात्रीला ठेवा’ म्हणून. आता तो परत द्यायला हवा, आणि रिकामा देता येत नाही. आज सकाळी मी खपली भिजत घातली आहे.